एकाच नावाच्या फाइली

(मामी बोलत नाहीत. टेबलावर बोटाने टिचकी मारतात. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.)

मामा: थांबव. हे दीपगृहाच्या पुस्तकातलं नाही.

भाची: तेच आहे, मामा. तेरावं प्रकरण. प्लेअरवर तेरा आकडा दिसतोय.

मामा: तुला दिसत असेल. मी कानांनी बघतो. बेटावर दीपगृहवाला, त्याची बायको आणि एक बकरी, एवढीच वस्ती. तिथे हा हेडमास्तर छडी घेऊन कुठून उगवला?

भाची: पुढचं लावते. चौदावं.

मामा: हाही हेडमास्तरच. मागे जा, बारावं लाव.

भाची: हे घ्या.

मामा: हां, हे दीपगृह. त्याची प्रकरणंच बारा, तेरावं येईल कुठून? आता हेडमास्तराचं पहिलं लाव.

भाची: पहिलं एकच आहे.

मामा: म्हणजे?

भाची: पहिलं लावलं की दीपगृहाचं लागतं. दुसरं पहिलं नाहीये इथे.

मामा: अगं, असं कसं? हेडमास्तर, डॉक्टरीणबाई, ते जाडजूड प्रवासाचं पुस्तक, सगळ्यांना पहिलं प्रकरण होतंच की. हिने कपाटभर पुस्तकं माझ्यासाठी वाचून रेकॉर्ड करून ठेवली आहेत.

भाची: मला जरा बघू द्या.

मामा: बघ. पण तुझा श्वास बदललाय.

मामी: टक टक.

मामा: तू काय नाही म्हणतेस? तिला रागावू नको म्हणतेस?

मामी: टक.

मामा: अजून रागावलोच नाही. काय झालं ते तरी कळू दे. बोल गं.

भाची: मामा, तुमच्या जुन्या प्लेअरला मामींच्या फोनमधल्या फाइली चालायच्या. हा नवा फक्त एमपीथ्री वाजवतो. म्हणून मी सगळ्या बदलायला घेतल्या. एकेक करत बसले असते तर आठवडा गेला असता, म्हणून कॉम्प्युटरला एकच ओळ लिहून दिली. कार्डावरची प्रत्येक फाइल उचल, एमपीथ्री कर, आणि नव्या फोल्डरमध्ये ठेव.

मामा: हे तू सकाळी सांगितलंस. पुढे?

भाची: मामींनी प्रत्येक पुस्तकाचं फोल्डर वेगळं केलंय, पण आतल्या फाइलींना नुसते आकडे दिलेत. एक, दोन, तीन. सगळ्या पुस्तकांत तेच. मी सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं. डॉक्टरीणबाईंच्या 'एक'वर हेडमास्तरांचं 'एक' बसलं, त्याच्यावर दीपगृहाचं. जे पुस्तक शेवटी आलं ते वर राहिलं. ते संपलं तिथून पुढे खालचं दिसायला लागलं.

मामा: आणि कॉम्प्युटर मुकाट्याने एकावर एक रचत बसला? विचारलं नाही त्याने?

भाची: विचारतो तो. या नावाची फाइल आधीच आहे, वर लिहू का, म्हणून विचारतो. सारखं कोण उत्तर देत बसणार म्हणून मी आधीच हो सांगून ठेवलं होतं.

मामा: हो सांगून ठेवलं होतंस.

भाची: हो.

मामा: बरं. मूळच्या फाइली आहेत ना? त्यातून पुन्हा कर. या वेळी वेगवेगळ्या ठेव, झालं.

भाची: मामा...

मामा: मूळच्या आहेत ना?

भाची: कार्डावर जागा नव्हती. एक बदलून झाली की मूळची पुसून टाक, असंही त्याच ओळीत लिहिलं होतं मी.

मामी: टक टक. टक टक.

मामा: तू मध्ये पडू नकोस. लॅपटॉपवर कॉपी घेतली असशील.

भाची: नाही घेतली. लॅपटॉपही भरलेला होता. आणि तुम्ही सकाळपासून घाई करत होतात, आज संध्याकाळच्या आत ऐकायचंय, आज ऐकायचंय म्हणून...

मामा: माझ्यावर ढकलू नकोस. मी आंधळा आहे, तू डोळस. हिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज जाईल. शेवटच्या दिवशीसुद्धा ही दुपारभर वाचत होती. हिचा आवाज या कार्डाबाहेर जगात कुठेही नाही. घरात आता एकाला दिसत नाही, दुसरीला बोलता येत नाही. आमचा संसार या नखाएवढ्या कार्डावर चाललाय, आणि तू त्याच्यावर झाडू फिरवलास.

भाची: मला कळतंय, मामा.

मामा: काय कळतंय?

मामी: टक!

मामा: बरं. गप्प बसतो. पण तूच सांग गं पोरी, काही होण्यासारखं आहे का ते.

भाची: आहे. थोडं तरी आहे. पुसलं म्हणजे लगेच जात नाही. कॉम्प्युटर फक्त ती जागा रिकामी आहे असं समजतो, माल आतच पडून असतो. त्याच्यावर दुसरं काही बसेपर्यंत.

मामा: आणि नव्या फाइली त्याच कार्डावर बसवल्यास.

भाची: हो. म्हणून सगळं मिळेल असं नाही सांगत. आता कार्डावर एक अक्षरही लिहायचं नाही. प्लेअरमधून काढलंय मी. लॅपटॉपवरचे माझे सगळे सिनेमे उडवते आणि जे निघेल ते तिथे काढून घेते.

मामा: सिनेमे उडवताना आधी दोनदा बघ.

भाची: बघितलं.

मामा: किती वेळ लागेल?

भाची: माहीत नाही. मामी, तुम्ही बसा ना. उभ्या किती राहाल?

मामी: टक टक.

मामा: ती बसायची नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही अशीच उभी होती. निघतंय का काही?

भाची: निघतंय. पण नावं गेलीत. नुसते लांबलचक आकडे आहेत, कुठलं पुस्तक, कुठलं प्रकरण, काही पत्ता नाही.

मामा: नावाची काळजी तू करू नकोस. वाजव. दोन वाक्यं बास.

भाची: ही पहिली.

मामा: डॉक्टरीणबाई, चौथं. मध्येच कुकरची शिट्टी होईल बघ.

भाची: झाली.

मामा: लिहून घे. पुढची.

भाची: ही नुसती खरखरतेय. तुटलीय.

मामा: पुढची.

भाची: हीसुद्धा तुटलीय. थांबा, ही लागली.

मामा: हेडमास्तर, सहावं. इथे हिला हसू येतं आणि ती ते आवळून धरते. ऐक, आलं. अगं, आठवतं का तुला?

मामी: टक.

भाची: मामा, पुन्हा एमपीथ्री करताना आवाज थोडासा झिजतो, हे आधीच सांगून ठेवते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं.

मामा: किती झिजेल?

भाची: जास्तीत जास्त चांगल्या दर्जाला ठेवेन. तुम्हाला कळणारही नाही.

मामा: मला कळेल. पण चालेल. पुढची लाव.

भाची: ही दीपगृहाची दिसतेय. पण दीपगृह तर आपल्याकडे आधीच पूर्ण आहे.

मामा: मग सोडून... नाही, थांब. सुरुवात ऐकू दे. हो, बारावं. शेवटचं प्रकरण. बायको भांडून होडीत बसते आणि मग परत येते ते. यावरून वाचनालयातल्या मिशीवाल्याशी अबोला आहे माझा. शपथेवर सांगत होता, ती परत येत नाही म्हणून. डोळे शाबूत असून पुस्तक नीट वाचता येत नाही त्या माणसाला.

भाची: पण या बाराव्याची लांबी वेगळी आहे. आपल्याकडच्यापेक्षा बरीच लहान. हेच कार्ड आधी मामींच्या फोनमध्ये होतं ना? मग त्यांनी तेव्हा पुसलेली फाइल असणार. तीही वर आली.

मामी: टक टक. टक टक. टक टक.

मामा: काय गं?

भाची: मामी लॅपटॉपचं झाकण लावायला बघतायत. मामी, नको, मध्येच बंद झालं तर बाकीचं निघणार नाही.

मामा: हिने पुसलेली? मग लाव.

मामी: टक टक!

मामा: तुझाच आवाज आहे ना? इतका वेळ मी त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसलोय, आणि आता तो सापडला तर ऐकू नको म्हणतेस? शेवटाकडे ने गं. लाव.

भाची: मामी, मी काय करू?

मामा: लाव म्हणतो ना.

रेकॉर्डिंग: '...होडी ठिपक्याएवढी झाली, मग तेवढीही राहिली नाही. त्या रात्री त्याने दिवा लावला नाही. ती परत आली नाही. त्या वर्षी नाही, पुढेही नाही.' समाप्त.

भाची: म्हणजे मिशीवाले...

मामा: गप. अजून चालू आहे.

रेकॉर्डिंग: हं. हे असलं वाचून दाखवू ह्यांना? आधीच माणसाचे डोळे गेलेत, रोज कुणावर तरी ताट आपटतायत. आणि मी म्हणते जाईन, पण साखर कुठल्या डब्यात आहे हेसुद्धा माहीत नाही ह्यांना. चहाविना मरतील. जाऊ दे. हिला परतच आणते. कोण बघायला जातंय पुस्तकात.

भाची: संपलं.

मामा: हो.

भाची: पाणी देऊ का, मामा?

मामा: नको. ही कुठे आहे?

भाची: खिडकीपाशी. पाठ करून उभ्या आहेत.

मामा: अगं, इकडे ये. टेबलापाशी ये, नाहीतर मला ऐकू कसं येणार? आलीस?

मामी: टक.

मामा: ते पुस्तक चालू होतं त्या आठवड्यात कपाटावरची बॅग खाली आली होती. चेनचा आवाज ऐकला मी. विचारलं तर म्हणालीस, जुने कपडे आवरतेय. जुने कपडे होते का ते?

मामी: टक टक.

मामा: मला माहीत होतं. मी मुद्दामच पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग तुला जावंच लागलं असतं.

भाची: मामा, मी जरा बाहेर जाते.

मामा: तू बस. तुझं काम झालेलं नाही. आणि अगं, त्या बॅगेच्या दुसऱ्या दिवशी तू मला बारावं ऐकवलंस. ती परत येते, त्याला म्हणते, दिवा लाव, अंधारात मला तुझा चेहरा दिसत नाही. ते वाक्य मी मिशीवाल्याला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. ते तुझं?

मामी: टक.

मामा: लेखकापेक्षा बरं लिहिलंस.

भाची: मामा, बाकीचं सगळं काढून झालं. डॉक्टरीणबाई जवळजवळ पूर्ण आहेत. प्रवासाचं निम्मं हाती लागलं. हेडमास्तरांची पहिली काही प्रकरणं मात्र गेली. कायमची. माझ्यामुळे गेली.

मामा: हेडमास्तर मी तुला तोंडी सांगेन कधीतरी. आता पुढे काय?

भाची: प्रत्येक पुस्तकाचं वेगळं फोल्डर करते, फाइलीच्या नावात पुस्तकाचं नावही घालते. काही पुसायचं नाही, आणि कुठेही आधीच हो म्हणून ठेवायचं नाही. एक मात्र विचारायचंय. दीपगृहाच्या शेवटच्या प्रकरणाच्या आता दोन फाइली झाल्यात. ही जुनी ठेवू का?

मामी: टक टक.

मामा: ठेव.

मामी: टक टक.

मामा: ऐक माझं. लाज वाटण्यासारखं तू काही बोलली नाहीस त्यात. वाटायचीच असेल तर मला वाटू दे. मी सांगतो का ठेवायची. हेडमास्तर, डॉक्टरीणबाई, दीपगृहवाला, या सगळ्यांत तू दुसऱ्याचं बोलतेस. कपाटभर पुस्तकं वाचलीस, पण तुझं स्वतःचं बोलणं एवढंच उरलंय. साखरेच्या डब्यापर्यंत. ते पुसायचं का?

भाची: मामी?

मामा: तिला घाई करू नकोस. विचार करू दे.

भाची: मामा, त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मामा: जाऊ दे. ऐकू येतंय मला. डबा काढला. झाकण उघडलं. आली.

भाची: डबा तुमच्यासमोर ठेवलाय. तुमचा हात धरून त्यात घालतायत.

मामा: साखर आहे. हो गं, कळलं, झाकण कुठल्या रंगाचं ते मला काय दिसतंय. डावीकडच्या फळीवर असतो ना हा?

मामी: टक.

मामा: आणि ती फाइल? ठेवायची ना?

मामी: टक.