कंटेनरचं सोवळं

...आणि चूक माझीच, हे घरात सगळ्यांना मान्य आहे, अगदी मलासुद्धा! पण तुम्हाला सांगतो, वेंकूआत्याच्या हाताखाली वाढलेला माणूस दुसरं काय करणार हो? आमच्या घरी, इथं तंजावरात राजवाड्याच्या मागं, जन्मल्यापासून एकच कायदा ऐकतोय... दिवेलागणीच्या आत भांडं रिकामं करायचं, घासायचं, उपडं घालायचं! शिळं म्हणून काही ठेवायचं नाही!

तर मी चेन्नईच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. प्रोग्राम लिहायचा म्हटलं की लॅपटॉपवर आधी सगळा संसार मांडावा लागतो. डेटाबेस हवा, मेल पाठवणारा हवा, आणखी दोघं-तिघं हवेत... आणि सगळे एकाच लॅपटॉपात! म्हणजे एका मोरीवर चार भाडेकरू! जुना डेटाबेस दार अडवून बसला की नवा बाहेर ताटकळतोय! शेवटी आमचा टीमलीडर श्रीहर्ष फोनवर ओरडला, "एन्नप्पा, काय रे साईराम, अजून झुंजतोयस? कंटेनर घे ना!"

कंटेनर म्हणजे काय, तर डबा. ज्याचा त्याला आपापला डबा, ह्याचं त्याला लागायचं नाही. बिघडला? फेकून द्या, तस्साच नवा हजर! मी मोठ्या हौसेनं आत्याला समजवायला गेलो. ऐंशीला टेकलेली बाई, जरा सोपं करून सांगू म्हटलं... तर म्हणते कशी, "अय्यो, हे होय? सोवळ्याचे डबे निराळे, ओवळ्याचे निराळे. एवढं शिकायला तुला पगार देतात?"

बरं, डब्यातला माल राहतो वेगळ्या कपाटात. कंटेनर बंद करायच्या कमांडला शेवटी एक एवढासा 'व्ही' लावला, की कपाटासकट सगळं साफ! आणि मी रोज संध्याकाळी तो 'व्ही' लावायचो. रिकामं करायचं, घासायचं, उपडं घालायचं! कंपनीचा माल काय, खोटी नावं, खोटे पत्ते, सकाळी आपोआप पुन्हा भरतात. बिघडतंय कुणाचं?

आता ऐका. रविवारी आत्याचा ऐंशीचा वाढदिवस. सगळे भाऊबंद जमणार. बायको, नंदिता, म्हणाली, "आत्यांच्या हातचे एकवीस पदार्थ लिहून काढा, वेबसाइट करून हॉलमध्ये दाखवू. त्यांच्यामागं कोण सांगणार?" शुक्रवारी रजा टाकली. सकाळपासून आत्या सांगतेय, मी थेट त्याच कंटेनरच्या डेटाबेसात टाइप करतोय... तेही तमिळ अक्षरांत, कारण आमच्यात मराठी बोलतात सगळे, वाचतं कोण? पाचला एकविसावा पदार्थ संपला. सहाला नंदितानं समई लावली, आणि माझा हात... रोजचा हात हो! रिकामं, घासलं, उपडं! 'व्ही'सकट!

एकवीसच्या एकवीस गेले! रसवांगी गेली, डांगर पच्चडी गेली! कॉपी? कुठली कॉपी! आत्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. "आत्या... सगळं गेलं."

"सगळं?"

"सगळं."

वाटलं, आता उद्धार होणार माझा! तर तिनं पाट पुढं सरकवला. "बस. पहिल्यापासनं सांगते."

शनिवारचा अख्खा दिवस ती सांगत होती. इतकी खुललेली आत्या मी कधी पाहिली नव्हती. समोर बसून तिचं एवढं ऐकलंच कुणी होतं? लाज वाटली मला, खरंच सांगतो. मग मात्र तीन ठिकाणी कॉप्या ठेवल्या, एक पेनड्राइव्ह थेट देवघरात!

रविवार झकास झाला. टाळ्या काय, फोटो काय! आणि सोमवारी पापनाशमहून भुवनाचा, माझ्या चुलतबहिणीचा, फोन. "साईराम, लिहिल्यासारखी रसवांगी केली रे, चव येईना! काय राहिलं?" मग दुसरा फोन, तिसरा... संध्याकाळपर्यंत नऊ!

"आत्या, काही सांगायचं विसरलीस का?"

"विसरायला मी काय तुझा लॅपटॉप? एकेकातला एकेक जिन्नस मागं ठेवला आहे. सगळंच डब्यात भरून दिलं, तर उद्या मला कोण पुसील रे?"

घ्या! आणि खरं सांगू? रागावताच आलं नाही. म्हटलं, येऊ देत फोन.

येताहेत! पण येतात नेमके सकाळी, आत्या सोवळ्यात असताना. ती फोनला शिवणार नाही. म्हणून मी कंपनीची मीटिंग सोडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर हात लांब करून उभा, फोन स्पीकरवर! आणि तो जिन्नस सांगायची वेळ आली की ती मला दटावते, "तू कान झाक!" आता तुम्हीच सांगा, एका हातात फोन, उरला हात एक, आणि कान दोन! मग काय... एक झाकतो. दुसऱ्यानं ऐकलेलं कुठं टाइप करत नाही, झालं!