पिण्यास योग्य

(मे सत्त्याण्णव. सांगलीजवळच्या एका वाडीतली विहीर, शेजारी ओढा. कृष्णात: लष्करातून निवृत्त झालेला हवालदार. बनुबाई: त्याची शेजारीण, वय सत्तरीचं. मुकुल: आरोग्य खात्यातर्फे पाण्याचे नमुने घेणारा, माधवनगरहून लुनावर आलेला.)

मुकुल: पुन्हा वाचू का?

कृष्णात: वाचा. वाचून बदलत असंल तर तिसऱ्यांदाबी वाचा.

मुकुल: 'सदर विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे.' खाली सही, शिक्का. म्हणजे सोमवारपासून तुमचा टँकर बंद.

बनुबाई: योग्य? ह्ये पानी? बाळा, म्हस तोंड लावत न्हाई ह्याला.

कृष्णात: कारखान्याच्या कॉलनीचं समदं गटार ह्या ओढ्यात येतंय. दोन वर्सं पाऊस धड न्हाई, त्यामुळं ओढ्याला पानी न्हाई, नुसतं गटारच वाहतंय. त्येच झिरपून हिरीत. वाडीत अकरा जनांना कावीळ झाली, तवा कुठं टँकर सुरू झाला. तुमाला हाय ह्ये ठावं, कागदाला न्हाई.

बनुबाई: माझी सून सातव्या म्हैन्यात, पंधरा दिस झालं दवाखान्यात पडलीया. क्रांती. डोळं हळदीवानी पिवळं. सोमवारी घरी सोडत्यात तिला.

कृष्णात: आन् त्याच सोमवारी टँकर बंद.

मुकुल: म्हणूनच तर नमुना नेला होता ना मी. आणि त्यात एक जंतू सापडला नाही. एक. बारा वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ पाणी मी पाहिलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, ही वाडी पाचगणीच्या अंगाला आहे का.

कृष्णात: तुमी काय सांगितलं?

मुकुल: काय सांगणार? हवालदार, खरं बोला. मी येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी विहिरीला काय केलंत?

कृष्णात: इन्स्पेक्शनची तयारी.

मुकुल: म्हणजे?

कृष्णात: अठरा वर्सं फौजेत काढली, साहेब. वरचा मानूस बघाया येनार म्हटलं की आधी चुना. झाडाच्या बुंध्यालाबी. भाऊसो सरपंचांकडनं किल्ली आनली, पंचायतीतलं टीसीएलचं पोतं फोडलं, दोन घमेली हिरीत वतली. काठ झाडून घेतला. काकी रांगोळी काढू का म्हनत हुत्या, म्या नगं म्हटलं.

मुकुल: जंतू मारायची पावडर. दोन घमेली. नमुन्याच्या आदल्या दिवशी.

कृष्णात: पोतं मोठं हुतं.

मुकुल: मग रोज मापानं का टाकत नाही ती? रोज टाकली असती तर ती पोर दवाखान्यात गेली नसती.

कृष्णात: रोज कोन येतंय बघाया?

मुकुल: धन्य आहे. पण मग निदान पावडरीचा वास तरी यायला हवा होता. बाटलीला वाससुद्धा नव्हता.

बनुबाई: कसा यील? म्या उकळलं की.

मुकुल: काय उकळलं?

बनुबाई: पानी. तू पडवीत पोहे खात हुतास. बाटली माझ्या हातात दिलीस, म्हनलास, आजी तेवढी भरून आना, माझा गुडघा धरलाय.

मुकुल: धरला होता.

बनुबाई: म्या न्हाई कुठं म्हनते? भरली, उजेडात धरली, तर तळाला गाळ. असलं पानी पाव्हन्याच्या बाटलीत कसं द्यायचं? लुगड्याच्या चौपदरी फडक्यातनं गाळलं, चुलीवर खळखळून उकळलं, तुरटी फिरवली, निवल्यावर भरलं.

मुकुल: आणि बाटली?

बनुबाई: ती आदुगर राखंनं घासली. कागदात गुंडाळल्याली, कवाची पडून हुती कुनाला ठावं.

मुकुल: आजी, ती निर्जंतुक केलेली बाटली होती.

बनुबाई: मग घासली तर झिजली व्हय?

कृष्णात: काकी, कारखान्यानं तुमचा सत्कार कराया पायजे.

बनुबाई: तू गप रं. घमेली कुनी वतली?

मुकुल: आणि त्या दिवशी मला तांब्याभर पाणी दिलंत, ते कुठलं?

बनुबाई: टँकरचं. म्या काय येडी हाय?

मुकुल: नाही. येडा मी. आता नमुना पुन्हा घ्यायचा, आणि निकालाला आठ दिवस.

बनुबाई: आन् ते आठ दिस पोरीनं काय प्यायचं?

मुकुल: उकळून द्या.

बनुबाई: एका बाटलीला माझी सकाळ गेली. घरात सात तोंडं. मजुरीला जाऊ का सरपन येचू?

मुकुल: मग आठ दिवस माहेरी ठेवा तिला.

बनुबाई: तिचं माहेर ह्याच ओढ्यावर हाय. दोन कोस खाली.

कृष्णात: डॉक्टरनी सांगितलंय, साहेब. पुन्यांदा पोट बिघडलं तर दोन जीवांतला एकबी हातात ऱ्हायचा न्हाई.

मुकुल: हा अहवाल रद्द झाला तरच टँकर चालू राहील. आणि रद्द व्हायचा तर नमुना घेणाऱ्यानं लिहून द्यायला हवं, की नमुना मी स्वतः भरला नाही.

कृष्णात: म्हंजे तुमी.

मुकुल: पोहे दुसरं कोण खात होतं?

कृष्णात: वरनं मेमो यील तुमाला.

मुकुल: येईल. साहेब विचारतील, बारा वर्षं असेच नमुने घेतलेस का.

कृष्णात: घेतलं व्हय?

मुकुल: पेन आहे का तुमच्याकडे?

कृष्णात: हाय. घ्या.

मुकुल: '...नमुना मी स्वतः भरलेला नाही. सबब अहवाल ग्राह्य धरू नये व नवीन निकाल येईपर्यंत टँकर सुरू ठेवावा.' इथं साक्षीदार म्हणून सही करा. दुपारी ऑफिसात नेऊन देतो.

कृष्णात: पावडरीचंबी लिवू?

मुकुल: लिहा. त्यानंतर पुन्हा टाकली का?

कृष्णात: न्हाई. तुमी नमुना नेला त्याच सांच्याला भाऊसोंनी पावडरीच्या खोलीला कुलूप घातलं. म्हनलं, साहेब गेलं न्हवं.

मुकुल: द्या ती दोरी. ही नवी बाटली. हिला कुणी घासायचं नाही.

बनुबाई: आन् गुडघा?

मुकुल: दुखू दे.

बनुबाई: वरची साय तरी जरा बाजूला सारते...

मुकुल: आजी.

बनुबाई: ऱ्हायलं बाबा. घान तर घान.

मुकुल: कुठल्या अंगानं सोडू?

बनुबाई: ह्या अंगानं. क्रांती हितनंच भरायची.