मलावीचा हापसा

हापसा दुरुस्त करण्यात माझा हात धरणारा शिरूर तालुक्यात कुणी न्हाई, असं मला वाटायचं. त्याच तोऱ्यात एका संस्थेबरोबर मी आफ्रिकेत, मलावीला गेलो. तिथल्या एका गावातला हापसा वर्षभर बंद व्हता आन् बाया लांबच्या ओढ्याचं गढूळ पाणी आणत व्हत्या. मी वायसर बदललं, पाणी आलं, टाळ्या झाल्या. मी हारासाठी मान पुढं केली, पण तिथं हाराची पद्धतच न्हाई.

एका म्हातारीनं दुभाष्याकडून मला विचारलं, "परत बिघडला तर?"

"मला फोन करा," मी म्हनलं.

"किती दिवसांत येशील?"

मी व्हिसा, विमान, रजा असं बोटांवर मोजायला लागलो. ती हसली. "आधीचे तिघं बी फोन कराच म्हनले व्हते."

मग तिनं गावातल्या दोन बायांना बसवलं आन् माझ्यासमोर त्यांच्याकडून हापसा तीनदा खोलून जोडून घेतला. तिसऱ्यांदा तर त्यांनी मलाच बाजूला सरकवलं.

निघताना मी पान्ह्यांची पेटी उचलायला वाकलो, तर म्हातारीनं पेटीवर पाय ठेवला.

दुभाषा खाली बघत म्हनला, "आजी म्हणतात, पेटी राहू द्या. तुम्ही गेलात तरी चालंल."