हनुवटीखालचं फूल

विनियाना बाई : अगं, नाचतेस काय अशी? परीक्षक राजधानीहून, सुवाहून, बोटीने आपल्या बेटावर आलेसुद्धा. हेडमास्तरांच्या खोलीत लिंबाच्या पानांचा चहा चाललाय, जोडीला उकडलेला कसावा. फार तर पंधरा मिनिटं आहेत तुझ्याकडे.

उनाइसी : पाय जमिनीवर ठरतच नाहीत हो बाई! आजचा हा एक तास नीट पार पडला की मी शिक्षिका. व्यायामशिक्षिका! सही-शिक्क्याची, खरीखुरी!

विनियाना बाई : नाहीतर नापास. दुसऱ्यांदा. मागच्या वेळचं विसरलीस वाटतं.

उनाइसी : विसरेन कशी? कोलांटी मारताना तो पोरगा मानेवर आला आणि माझा हात हवेतच राहिला. नशीब, त्याला काही झालं नाही. पण आपल्याकडे दुसऱ्याच्या डोक्याला हात लावतं का कुणी? मी जन्मात लावला नव्हता.

विनियाना बाई : परीक्षकांनी काय लिहिलं होतं?

उनाइसी : ‘मुलं हिच्या हाती सुरक्षित नाहीत.’ सहा महिने ते वाक्य उशाशी घेऊन झोपलेय मी. आणि सहा महिने विलायती फणसाला मान समजून आधार देतेय. आई म्हणते, फणसाची कोलांटी झाली असेल तर आता शिजवू का?

विनियाना बाई : हस, हस. तिसरी संधी नाही, ठाऊक आहे ना? मग बस मावशीच्या दुकानात पाव विकत. आता हा हजेरीपट बघ. आज एक नवीन मुलगी आलीये.

उनाइसी : आदी सेनिमिली... नावापुढे ‘आदी’? म्हणजे सरदारांच्या घरातली?

विनियाना बाई : थेट नात. तिच्या आजोबांसमोरून आपण कमरेत वाकून जातो, आणि तू तिचं डोकं धरणार? माझं ऐक. तिला बाजूला बसव, मोजणी करायला. आधीच्या शाळेतही तेच करायचे.

उनाइसी : कधीपासून?

विनियाना बाई : पहिलीपासून.

उनाइसी : म्हणजे चौथीपर्यंत पोरगी नुसती मोजतेय?

विनियाना बाई : आजचा एक दिवस अजून मोजेल. आज शहाणपणा नको, उनाइसी. पास हो, मग जगाचं भलं कर.

उनाइसी : बाई... तुमच्या कानामागचं ते चाफ्याचं फूल द्या बघू.

विनियाना बाई : घे. आता नटायचंय तुला?

उनाइसी : हे बघा. हनुवटीखाली असं धरलं की मान आपोआप आत जाते. फूल पडलं नाही म्हणजे मान सांभाळली गेली. माझा हात फक्त कमरेला. डोक्याला लावायची गरजच नाही! सुचलं, बाई, सुचलं!

विनियाना बाई : आणि पडलं तर?

उनाइसी : ...नाही पडणार.

(मैदान. झाडाखाली चर्चमधून आणलेल्या सहा चटया, एकावर एक. परीक्षक खुर्चीत, मांडीवर कागद.)

उनाइसी : शाब्बास रे शाब्बास! एकाचंही फूल पडलं नाही! किती झाले?

आदी : बारा, बाई. मी मोजले.

उनाइसी : आणि तेरावं कोण?

आदी : मी? मला नाही करू देत.

उनाइसी : कोण नाही करू देत?

आदी : सगळेच.

उनाइसी : तुला करायचीये?

आदी : खूप! घरी दार लावून उशीवर करून बघितली. पलंगावरून पडले. कुणाला सांगितलं नाही.

विनियाना बाई : उनाइसी, इकडे ये. बारा नीट झालेत, तू पास आहेस. इथेच थांब.

उनाइसी : वर्गात तेरा आहेत, बाई. ये गं आदी. हे फूल धर. हात टेक. आता बेंबीकडे बघ.

आदी : बेंबी दिसत नाही, वर झगा आहे.

उनाइसी : असेल तिथेच, कुठे जातेय! गुडघे वाकव, कंबर वर... अशी. ढकल पायांनी!

आदी : बाई, फूल...

विनियाना बाई : पडलं! अगं, फूल पडलं!

उनाइसी : तुलोउ! माफ कर गं... धरलंय मी, धरलंय! गोल, गोल, पाठ टेक... सोडलं! बस, उठून बस. मान बघू. दुखतंय कुठे?

आदी : आभाळ खाली आलं होतं! बाई, आभाळ खाली आलं आणि परत वर गेलं!

विनियाना बाई : उनाइसी... तिच्या डोक्याला हात लागला तुझा.

उनाइसी : माहितीये.

विनियाना बाई : ‘तुलोउ’ म्हणालीस ते मी ऐकलं, सगळ्या मैदानाने ऐकलं. तरी माफी मागायला जावंच लागेल. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे भेट म्हणून पेयाची, यांगोनाची मुळं घेऊन सरदारांकडे जाऊ. मी येते. तू मान खाली घालून बस, बोलायचं माझ्याकडे लागलं.

उनाइसी : जाऊ. पण आधी ते परीक्षक काय लिहितायत ते बघा ना! माझ्याने नाही बघवत.

विनियाना बाई : थांब, आणते कागद. ...अरे देवा.

उनाइसी : छळू नका हो बाई!

विनियाना बाई : ‘हात वेळेवर गेला.’ बास, एवढंच लिहिलंय. आणि खाली सही. शिक्का.

उनाइसी : म्हणजे... पास? पास! बाई, मी पास!

विनियाना बाई : सोड, सोड, बरगड्या मोडशील माझ्या! आणि मैदानात रडतेस काय? शिक्षिका ना तू आता?

उनाइसी : तुम्हीसुद्धा रडताय.

विनियाना बाई : माझं वय झालंय. मला चालतं.

आदी : बाई, तुम्ही आजोबांकडे कशाला जाताय?

उनाइसी : तुझ्या डोक्याला हात लावला ना मी? त्याची माफी मागायला.

आदी : मग आज नका जाऊ.

उनाइसी : का गं?

आदी : उद्या परत पडेल फूल. सगळ्याची एकदमच मागा.