अंगणाचं सरकतं दार

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक भाऊ-बहीण उभे होते. त्याच्या हातात सरकत्या दाराचं झिजलेलं चाक होतं.

"ताई, नवी चाकं बसली की दार लोण्यासारखं सरकेल बघ."

"आणि इतकी वर्षं काय हात बांधले होते तुझे?"

"रात्रपाळी करून सकाळी आडवा व्हायचो. डोळा लागतो न लागतो तोच नाना अंगणात जायला दार ओढायचे. खर्रर्र! डोक्यात जायचं ते."

"म्हणून म्हाताऱ्या बापावर ओरडलास."

"एकदाच ओरडलो गं."

"त्यांना एकदा पुरलं. तेव्हापासून काचेतूनच झाडं बघतात."

"मला वाटलं, गुडघे दुखत असतील."

"विचारलंस कधी?"

"नाही विचारलं."

"मग आज कसं सुचलं हे?"

"सकाळी दार उचलून बाहेर काढलं. खालच्या पट्टीत नुसती माती साचलेली. जुन्या चमच्यानं खरवडली, चहा निवायच्या आत काम झालं. एवढंसंच होतं, ताई."

"नानांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. म्हटलं, नाना, दारच नाहीये आता, भिंतीला टेकवून ठेवलंय. आवाज कसला येणार? जा बिनधास्त."

"गेले?"

"उंबऱ्यापर्यंत आले. काठी टेकून तिथेच थांबले."

"का रे?"

"म्हणाले, तू झोप काढून घे आधी. मग जातो."

"अरे, रात्रपाळी सुटून तुला किती वर्षं झाली!"

"तेच तर, ताई."