इतक्यात नको: आमच्या ध्वनिसंपादक ताईंना निरोप देताना

या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले कार्यकारी समितीचे मान्यवर सदस्य, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांच्या ताई, पहिल्या रांगेत बसलेले आमचे मास्तर आणि वहिनी, आणि कानांनी वाचणाऱ्या माझ्या वाचकहो,

अंध वाचकांसाठी बोलती पुस्तकं करणाऱ्या आपल्या ग्रंथालयाच्या रिवाजाप्रमाणे आधी ओळख देते. मी तुमची ग्रंथपाल. व्यासपीठाच्या डाव्या टोकाला उभी आहे. मधोमध अध्यक्ष आहेत. त्यांच्या शेजारी ताई आहेत आणि हार घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी काय केलं, ते ज्यांना दिसलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यांनी तळवा पुढे केला आणि म्हणाल्या, "इतक्यात नको. आधी भाषणं होऊ देत." हार अजून तबकातच आहे.

हे दोन शब्द या इमारतीत कोणी ऐकले नाहीत? ताईंचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्ही पाठीमागे त्यांना 'इतक्यात नको' असंच म्हणतो. ताई, माफ करा, पण हे तुम्हालाही ठाऊक होतं. चष्म्याची काडी तुटली, तर चिकटपट्टी लावून वापरायची, कारण हलक्या काचा निघणार आहेत म्हणे. छत्रीचं तेच, मोबाइलचं तेच. लग्नाचं विचारलं की त्या हसून सांगतात, "इतक्यात नको म्हणत राहिले आणि राहूनच गेलं." त्यांना त्याचं वाईट वाटत नाही, असंही सांगतात. मी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

आणि मी कशी? मला दुकानात वस्तू दिसली की पिशवीत हवी असते. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," असं ताई मला माझ्या तोंडावर म्हणायच्या. अशा दोन बायकांना एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसवून समितीने काय साधलं, ते समितीच जाणे. अध्यक्ष हसताहेत, याचीही नोंद घ्यावी.

असो. ताईंच्या कामाची थोरवी पुढचे वक्ते सांगतीलच. मी फक्त एका कॉम्प्युटरची गोष्ट सांगणार आहे.

नव्या सभासदांसाठी थोडं सांगते. मास्तर भूगोल शिकवायचे. नोकरी संपल्यावर ते आपल्याकडे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायला येऊ लागले. काचेच्या त्या बाजूला माईकसमोर मास्तर आणि या बाजूला कॉम्प्युटरसमोर ताई, अशी जोडी वर्षानुवर्षं बसली. मास्तर अडखळले की ताई तेवढा तुकडा कापणार. पान उलटल्याचा आवाज कापणार, खोकला कापणार. रेकॉर्डिंग चालू असताना काचेतून बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. मूठ मिटली की 'झालं, थांबवते'. उघडा तळवा दाखवला की 'इतक्यात नको, चालू राहू द्या'. ही दुसरी खूण लक्षात ठेवा.

मास्तरांनी त्या वर्षी वाळवंटावरचं एक जाडजूड प्रवासवर्णन वाचायला घेतलं होतं. वाळूचे प्रकार, वाऱ्याच्या दिशा, उंटांच्या वाटा, सगळं त्यात. "हे पुस्तक मला वर्गात कधी वाचून दाखवता आलं नाही, अभ्यासक्रम आडवा यायचा," असं ते म्हणायचे. पहिली काही प्रकरणं आम्ही तुमच्याकडे पाठवली आणि फोन यायला लागले. एका आजींनी विचारलं, "बाई, हे वाळवंटाचं पुस्तक ना? मग मास्तर वाचताना मागे सारखा पाऊस का पडतो?"

दुसऱ्या एका गृहस्थांना तो पाऊस इतका आवडला, की पुढच्या प्रकरणातही तो असू द्या म्हणाले.

तो पाऊस म्हणजे आमच्या कॉम्प्युटरचा पंखा. काचेची चौकट एका बाजूने झिजली होती आणि डब्यातला म्हातारा पंखा तिथून माईकपर्यंत पोचत होता. आम्ही काय करावं? डब्यावर रजई घातली. पाऊस थांबला. मग डबा आतून तापला आणि मास्तरांचं एक अख्खं प्रकरण गिळून बंद पडला. भरवशाच्या म्हशीला टोणगा! मास्तरांनी ते प्रकरण पुन्हा वाचलं, रजईशिवाय.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा, यावर आमचं एकमत होतं. कधी घ्यायचा, यावर महाभारत.

कारण त्याच सुमारास बातमी आली होती, की कंपनी त्या कॉम्प्युटरची मांडणीच बदलणार आहे. मोठा डबा जाणार, सगळं बशीएवढ्या एका चपट्या पेटीत मावणार आणि पंख्याचा आवाज जवळपास येणारच नाही. ताईंचे डोळे चमकले. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं का? मुळीच नाही. आपल्या समितीचा नियम असा, की एकदा कॉम्प्युटर घेतला की तो पार मान टाकेपर्यंत दुसरा मागायचा नाही. आज दुकानातला घेतला आणि उद्या नवा आला, तर पुढची कित्येक वर्षं तुम्ही सगळ्यांनी पाऊसच ऐकायचा. ताई म्हणायच्या, "अगं, एकदाच घ्यायचाय. चुकीचा घेतला तर माझी नोकरी संपेपर्यंत उरावर बसेल."

मी म्हणायचे, "ताई, बातमीत 'म्हणे' आहे. 'म्हणे'वर रेकॉर्डिंग होत नाही."

तो उन्हाळ्यानंतर येणार होता. मग वर्षाच्या शेवटी येणार असं ऐकलं. मग आणखी काही तरी. ताई रोज दुपारी डबा खाताना नव्या बातम्या सांगायच्या. त्याचा रंग काय, भोकं कुठे, वायर किती लांब. घरात येणाऱ्या सुनेची चौकशीसुद्धा इतकी होत नसेल. आम्ही दोघी कॉम्प्युटरच्या दुकानात इतक्या वेळा गेलो, की शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "ताई, आहे तो घ्या, नाहीतर नव्यासाठी थांबा. फक्त थांबायचं असेल तर घरी थांबा." आणि अध्यक्ष महोदय, तुम्ही तेव्हा खजिनदार होता. तुम्ही विचारलं होतं, "जुना चालू होतोय ना? मग घाई काय?" मला त्या दिवशी तुमचा राग आला होता. आज व्यासपीठावरून सांगतेय, म्हणजे तो गेला आहे असं समजावं.

हे सगळं आणखी महिनोन्‌महिने चाललं असतं. पण एका सकाळी मास्तर आले, आणि माईककडे न जाता माझ्या खोलीत येऊन बसले. ताईही चहा घेऊन तिथेच होत्या. मास्तरांचा आवाज काही दिवस बसल्यासारखा येत होता. आम्ही थंडीवर ढकललं होतं. मास्तर म्हणाले, "गळ्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र काढावं लागेल. पुढच्या महिन्यात. जीव वाचेल, त्याची काळजी नको." वर्गात नकाशा उघडून दाखवावा तसं सांगितलं. आणि मग ताईंकडे पाहून म्हणाले, "तुमचा तो नवा कॉम्प्युटर येईल तेव्हा येऊ दे, ताई. माझ्या आवाजाचं नवं मॉडेल निघणार नाही. पुस्तक अर्धं राहिलंय."

मला रडू आलं आणि मी रडले. ताई रडल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, चिकटपट्टीचा चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "आज."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आज आणायचा. दुकानात आहे तो."

"आणि पाऊस?" मी विचारलं.

ताईंनी माझ्या खोलीची भिंत बघितली. मग माझं टेबल बघितलं. मग मला.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. दुकानदाराने मांडून ठेवलेला नमुन्याचा कॉम्प्युटर आम्ही तसाच उचलून आणला. सुताराला बोलावून भिंतीला भोक पाडलं. पडदा आणि कळफलक ताईंच्या टेबलावर राहिले आणि गुरगुरणारा डबा वायरीसकट भोकातून माझ्याकडे आला, थेट माझ्या पायाशी. समितीची परवानगी नंतर मागितली. अध्यक्ष महोदय, ती तुम्ही दिलीत, लगेच दिलीत, हेही सांगायला हवं. तेव्हापासून माझ्या खोलीत पाऊस पडायचा आणि वाळवंट कोरडं झालं. थंडीत पाय शेकायला डबा बरा होता. उन्हाळ्याचं विचारू नका.

मास्तर रोज यायला लागले. आवाज दमला की थांबायचे, कोमट पाणी प्यायचे, पुन्हा सुरू करायचे. ताईंनी त्या दिवसांत काहीही पुढे ढकललं नाही. आणि गंमत ऐका. शेवटची प्रकरणं चालू असताना माझ्या खोलीत दुकानदाराचा फोन आला. तो अक्षरशः ओरडत होता, "ताई, आला! तुमचा नवा आला! बघायला या!" ताईंनी भिंतीपलीकडून काय उत्तर दिलं असेल?

"इतक्यात नको. आमचं वाचन चालू आहे."

बरोबर ओळखलंत. टाळ्या थोड्या राखून ठेवा, मला अजून एक सांगायचंय.

पुस्तक संपलं त्या दुपारी मी माझ्या टेबलाशी होते. त्या भोकातून वायरीबरोबर आवाजही इकडे यायचा, म्हणून मला कळलं. मास्तरांनी शेवटचं वाक्य वाचलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "हे पुस्तक इथे पूर्ण झालं." मी जागेवरून उठले आणि ध्वनिकक्षाच्या दारात गेले. मास्तर खुर्चीवरून उठत होते. ताईंनी मूठ मिटायला हवी होती. त्यांनी तळवा दाखवला.

मास्तर गोंधळले. "पुस्तक संपलं, ताई."

ताईंनी आपल्या बाजूचा माईक सुरू केला. "इतक्यात नको, मास्तर. बसा. थोडं बोला."

"काय बोलू?"

"घरी बोलता तसं."

मास्तर म्हणाले, "घरी मी कुठे बोलतो? तीच बोलते."

वहिनी मान डोलवताहेत. वहिनींना विचारूनच मी हे सांगतेय. मग मास्तर पुन्हा माईकसमोर बसले. आणि मग घरात दुसऱ्या खोलीत हाक द्यावी तसे म्हणाले, "अगं, ऐकलंस का? माझा चष्मा कुठे ठेवलास?" मग म्हणाले, "चहा झाला का?" मग, "दार लावून घे, येतो मी." मग हसले. एकदा खोकलेही. बारीकसारीक असं पुष्कळ काही. सगळं आयुष्य मास्तरांचा खोकला कापण्यात घालवलेल्या ताईंनी त्यातलं काहीही कापलं नाही.

मास्तरांची शस्त्रक्रिया नीट झाली. ते समोर बसले आहेत, तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. आवाज गेला, त्याला इलाज नव्हता. ताईंनी तो तुकडा वहिनींना नेऊन दिला. मागे मी त्यांच्या घरी गेले होते. मास्तर चष्मा शोधत होते. त्यांनी एक कळ दाबली आणि मास्तरांचा आवाज आला, "अगं, ऐकलंस का? माझा चष्मा कुठे ठेवलास?" वहिनींनी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "नाकावर!" आणि मास्तर, शब्दाविना, खांदे हलवून हसत राहिले. मला वाटतं, या ग्रंथालयातलं सगळ्यांत चांगलं रेकॉर्डिंग ते आहे, आणि ते आपल्या यादीत नाही.

तो बशीएवढा कॉम्प्युटरही पुढे आपल्याकडे आला, बऱ्याच उशिरा. नमुन्याच्या डब्याने मान टाकली तेव्हा. वरातीमागून घोडं. मी ताईंना विचारलं, "कसा आहे?" त्यांनी कान लावून बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं. थांबण्यासारखा होता." जरा वेळाने म्हणाल्या, "पण तेव्हा थांबण्यासारखं नव्हतं." आता डबा नाही, वायर नाही, भोकाचा काही उपयोग नाही. रंगारी ते बुजवायला आला तेव्हा त्याला "इतक्यात नको" कोणी म्हटलं, ओळखा. मी म्हटलं. संगतीचा परिणाम!

ताई, तुमच्या शेजारच्या खोलीत बसायला मिळालं, हे माझं भाग्य. तुमची आठवण येईल, आणि ती मला कामाच्या वेळेतच येईल, हेही समितीने लक्षात घ्यावं. समितीचे, सुतारकाकांचे, दुकानदारांचे आणि हे सारं शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्व वाचकांचे मी मनापासून आभार मानते. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे जीभ घसरली असेल, तर पोटात घालावं. आजवर माझी प्रत्येक चूक ताईंनी कापली. आजच्या मात्र तशाच राहू द्या, ताई. अध्यक्ष महोदय, आता हार घालायला हरकत नाही. मी बसते.

थांबा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मला हे सांगायलाच हवं.

मास्तर उभे राहिलेत. ते ताईंकडे बघताहेत. त्यांनी हात वर केलाय, आणि तळवा उघडा आहे.