अंगावरचं

लोणावळ्यातल्या एका दवाखान्यात, बाकावर माझ्या शेजारी सासू आणि तिची सहा महिन्यांची गरोदर सून बसली होती.

“आत्या, डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात.”

“पांढरं जातंय त्याला गोळ्या कशाला? उष्णता हाय ती. धने-जिऱ्याचं पानी पी.”

“उष्णता नाही, जंतू झालेत म्हणाले. वास येतो ना, त्यावरनं कळलं.”

“वासाचंबी सांगितलंस? पुरुष डॉक्टरला?”

“सांगितलं. अंगावर काढलं तर दिवस भरायच्या आधी बाळ होऊ शकतं म्हणाले.”

“माझं पयलं सातव्यातच झालं. न्हाई जगलं.”

“तुम्हालाही वास यायचा?”

“लय. लाजंनं दिसातनं तीनदा न्हायची मी. सांगायचं कुनाला?”

सासूने सुनेच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट आपल्या हातात घेतलं.

“रेणुका, डबा काढ. चार घास खा, आन् पयली गोळी हितंच घे.”